घटीचा कापूस

दगूबाईचं किराणा दुकान कळसाडीत गुजर गल्लीच्या तोंडाशी आहे, आणि गिऱ्हाईक आलं की पहिली आठी तिच्या कपाळाला पडते. काय पाहिजे ते विचारण्याआधी काय नाही ते ती सांगून टाकते. सुटे नाहीत. पिशवी नाही. साखर महाग झाली, ती मी केलेली नाही. शहाद्याहून आलेल्या एका साबणाच्या एजंटाला तिने भर उन्हात ओट्याखाली उभं करून असं फैलावर घेतलं, की तो पुन्हा फिरकला नाही. त्याच्या जागी आलेला दुसरा लांबूनच दुकान बघून परत गेला. नवरा रतिलाल वारला तेव्हा लोक म्हणाले, ही बाई महिनाभरात शटर ओढेल. तिने ओढलं नाही. लोकांना खोटं पाडायचं असा काही तिचा पण नव्हता. तिला लोक मुळातच आवडत नाहीत, तेव्हा ते काय म्हणतात हे तिने कधी नीट ऐकलंच नाही.

मग असल्या फटकळ बाईचं दुकान चाललं कशावर? तर ते चाललं मागच्या दारावर.

दिवाळीपासून कळसाडीत घराघरात कापूस येऊन पडतो. एक खोली पार आढ्यापर्यंत भरते. भाव वाढेल म्हणून घरधनी वाट बघत बसतो आणि तोवर कापूस वाळून वजनाला कमी भरतो. याला घट म्हणतात. घट सगळीकडेच येते, कळसाडीत मात्र ती जरा जास्तच येते. पुरुषमंडळी शेताकडे गेली, की त्या खोलीतला थोडा कापूस धुण्याच्या बादलीत दाबून बसतो, त्यावर दोन लुगडी पडतात आणि बादली नदीकडे न जाता दगूबाईच्या मागच्या दारी येते. अंगणात ट्रॅक्टर उभा असलेल्या घरची बाई, पण बांगड्या भरायच्या तर नवऱ्यापुढे हात पसरणार. तिचा स्वतःचा म्हणून पैसा एवढाच. दगूबाई कापूस तोलते, बदल्यात किराणा देते किंवा रोख देते, आणि जमलेला माल गावात येणाऱ्या व्यापाऱ्याच्या खेडा खरेदीच्या गाडीत, आपल्या बटाईच्या वावरातला म्हणून, स्वतःच्या नावाने घालते.

घरधन्याला यातलं काही ठाऊक नसतं असं समजू नका. त्याच्या आईनेही हेच केलेलं असतं. गाडी भरताना वजन कमी भरलं की तो म्हणतो, ‘यंदा घट वज्जी उनी,’ आणि बायको म्हणते, ‘हवाच कोरडी व्हती.’ एवढ्यावर दोघांचं भागतं. बोलून दाखवलं की भांडण, नाही दाखवलं की संसार.

या सगळ्यात दगूबाईची म्हणून एकच गोष्ट होती. पुढच्या दाराने ती गावभर भांडली, पण मागच्या दाराने आलेल्या बाईचं नाव तिच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. सुनेपाशी नाही, भावाच्या बायकोपाशी नाही, रागाच्या भरात जीभ सुटलेली असतानाही नाही. याचा तिला गर्व होता. दुसरं गर्व करण्यासारखं तिच्यापाशी फारसं नव्हतंही.

तिचा मुलगा भावेश सुरतेला मोबाइलच्या दुकानात कामाला होता. तो गेल्या वर्षी बायकोला घेऊन गावी परतला आणि आल्या आल्या आईच्या दुकानाला नाव ठेवायला लागला. त्याने गल्ल्याजवळ स्कॅनर चिकटवला, त्याच्या शेजारी पैसे आले की मोठ्याने सांगणारा स्पीकर ठेवला. पहिल्याच दिवशी दगूबाईने त्या स्पीकरवर पोतं टाकलं.

“माय, हाई काय करनी?”

“कोन कितला पैसा दी ऱ्हायनं, ते गल्लीले कसाले आयकाडानं? तुन्ही सुरतमा लोकसले लाज नही, आठे शे.”

“जग कोठे चालनं आनि तू कोठे शे!”

“मी मन्हा दुकानमा शे. तू कोठे शे ते तू देख.”

रोज असं. पोतं तो काढायचा, ती टाकायची.

या भांडणात तेल ओतायला ओट्यावर मगन पाटील बसलेलाच असे. गावातला मोठा बागायतदार, रतिलालचा जुना मित्र, आणि आता मोबाइल हातात आल्यापासून अर्थशास्त्राचा जाणकार. सकाळ-संध्याकाळ तो कापसाचे भाव मोठ्याने वाचून दाखवी. न्यूयॉर्कचा वायदा किती उतरला, सरकीला मागणी काय, सगळं. भावेशला तो शाबासकी देई आणि दगूबाईला उपदेश करी.

“वहिनी, आते व्यवहार उघडा पाहिजे. एकदम पारदर्शक! जितलं उघडं, तितली परगती.”

“मंग आप्पा, तुम्हना कापूस खोलीमा काब्र दपाडी ठेयेल शे? काढा ना उघडावर.”

ओट्यावरचे हसले. मगनचा चेहरा उतरला. “त्याले थांबनं म्हंतस. न्यूयॉर्क देखीसन इकना पडस. तुम्हले नही समजावं ते.”

“नहीच समजावं. तुम्हले बी कव्हय समजनं ते सांगज्यात.”

न्यूयॉर्क समजणाऱ्या या माणसाने आपली मुलगी रुचिका शहाद्याला कॉम्प्युटरच्या क्लासला जाते म्हटल्यावर कपाळाला हात लावला होता. पोरीने इतकं शिकून करायचंय काय, एक पैसा मी देणार नाही, असं त्याने याच ओट्यावर जाहीर केलं होतं. तरी रुचिका क्लासला जात होती. तिची फी, एसटीचा पास, सगळं घटीतून जात होतं. मगनची बायको सुंदरबाई ही मागच्या दाराची सगळ्यात जुनी बाई. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गावात आल्या. दगूबाईला या जगात कुणी बरं वाटत असेल तर ती सुंदरबाई, आणि तेही दगूबाईने तिला कधी सांगितलं नव्हतं.

भावेशला मागच्या दाराचा पत्ता लागायला वेळ लागला नाही. घरातच राहतो तो. एका दुपारी त्याने आईने कापसाला लावलेला भाव ऐकला आणि बाई गेल्यावर उसळला.

“माय, व्यापारी काय देस आनि तू काय देस? हाई ते लूट शे!”

“लूट म्हनस मले?” दगूबाईच्या हातातला तराजू खाली आपटला. “गाडीवाला तिन्हं नाव गावभर करी. मी नही करत. त्यानं मोल नही का?”

“गुपितनं मोल इतलं?”

“जास्तच शे. तू कव्हय ठेई देख, मंग समजी.”

तो म्हणाला, आपण सरळ धंदा करू. बाजारभाव देऊ, काटा डिजिटल ठेवू, प्रत्येकीला पावती देऊ. बायकांना हक्काचा पैसा मिळेल, दुकान वाढेल, बँक कर्ज देईल. खरं सांगायचं तर पोराच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि म्हणूनच दगूबाईला त्याचा जास्त राग आला. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. त्याच्या ताटात भाकरीही सुनेने वाढायची.

तेवढ्यात ब्राह्मणपुरीला तिचा चुलत भाऊ वारला आणि ती तेराव्यापर्यंत तिकडे राहिली. भावेशला आयतं रान मिळालं. त्याने मोबाइलवर दुकानाचा नवा हिशेब चालू केला आणि मागच्या दारी येणाऱ्या बायकांना एकेक करून सांगितलं, मावशी, काकू, तुमचं नाव सांगा, नंबर सांगा, आता भाव वाढवून मिळेल. दगूबाईचं पोर, म्हणजे घरचंच. बायकांनी नाव सांगितलं, नंबर सांगितला.

इथेच सगळं फसलं. रेशनला, गॅसला, बँकेत, अंगणवाडीत, कुणीही नंबर विचारला की कळसाडीतली बाई जो घडाघडा म्हणते, तो तिच्या नवऱ्याचा असतो. जिच्या हातात स्वतःचा मोबाइल आहे, तीही तोच सांगते. नंबर म्हणजे घरचा नंबर, आणि घर म्हणजे घरधनी, हे इतकं पाठ झालेलं, की कुणाच्या डोक्यात वेगळं काही आलंच नाही. भावेशच्याही नाही. एवढा सुरत बघून आलेला, पण तोही शेवटी याच गावचा.

दगूबाई परत आली त्या दिवशी तिला यातलं काही माहीत नव्हतं. दुपारी तीन-चार बायका येऊन गेल्या, त्यांचा माल भावेशनेच तोलला आणि नव्या हिशेबात पहिल्यांदाच चढवला; चढवला की दिलेल्या नंबरवर पावतीचा मेसेज आपोआप जाणार होता. ती दमून पडून होती. कळसाडीतलं नेटवर्क दुपारी बहुधा झोपलेलंच असतं, त्यामुळे काही वाजलं नाही. संध्याकाळी ओट्यावर गर्दी जमली, मगन पाटील नेहमीच्या जागी बसला आणि म्हणाला, “मी सांगस ना, खरा देश तोच, जठे कोनी कोनापाशीन काही दपाडत नही.” आणि त्याच्या खिशात मोबाइल टिंग झाला.

भाव आला असेल म्हणून त्याने सवयीने हात लांब करून तो मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

“धन्यवाद, सुंदरबाई मगन पाटील. आपला कापूस मिळाला, वजन चार किलो. पुन्हा अवश्य या.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी एका खिशात टिंग झालं. मग तिसऱ्या. तिसरा होता त्याने मेसेज वाचला, आणि तोंडातल्या तोंडात शिवी दिली. हसणं बंद झालं. मगनने मोबाइल खिशात टाकला. धोतराचा सोगा सावरून उठला आणि घराकडे निघाला.

दगूबाई आतून सगळं ऐकत होती. तिने भावेशकडे बघितलं. पोराचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“कोना नंबर टाकात तू?”

“त्यासनीच सांगात, माय... मी काय...”

पुढचं ऐकायला ती थांबली नाही. मगनचं घर चार दारं सोडून. सुंदरबाई आत भाकरी थापत असेल, तिला कसलीच कल्पना नसेल. मगन हाताने मारत नाही, पण पोरीचा क्लास तो आजच्या आज बंद करील, आणि पुढे आयुष्यभर जेवताना ताटावर बसून चोर म्हणेल. कधी नव्हे ती दगूबाई दुकानाबाहेर अनवाणी धावली.

“मगनआप्पा! थांबा!”

तो थांबला. ओट्यावरचे सगळे वळले.

“तो कापूस सुंदरबाईना नही. कोनाच घरना नही. मन्हा शे, बटाईना वावरना.”

“मंग तिन्हं नाव?”

“मी टाकं. बँकले धंदा मोठा दखाडना व्हता. गिऱ्हाईक जास्त दिसाले पाहिजेत, म्हनीसन ज्या नावं तोंडमा उन्हात त्या टाकात. नंबर मन्हापाशी व्हतात, उधारीना. पोऱ्याले काही म्हाईत नही.”

भावेश दारात येऊन तोंड उघडणार, तेवढ्यात तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो उंबऱ्यावरूनच मागे फिरला.

लोकांनी ते मानलं. मानणार नाहीत तर काय? एकीकडे आपापली बायको चोर ठरणार, दुसरीकडे दगूबाई लबाड ठरणार. यातलं सोपं काय ते कळायला न्यूयॉर्कचा वायदा बघावा लागत नाही. क्षणात आवाज चढले. आमच्या घरच्या बायकांची नावं वापरते? खोटी खरेदी दाखवते? उद्या आमच्या नावावर काय काय काढील! तिसऱ्या टिंगवाल्याने तर तिच्या मेलेल्या नवऱ्यालाही त्यात ओढलं. ज्या बाईने गावाला कधी एक शब्द वर बोलू दिला नव्हता, ती रस्त्यात अनवाणी उभी राहून ऐकत राहिली. तोंड उघडलं असतं तर तिने या एकेकाच्या खोलीतली घट मोजून सांगितली असती. तिने उघडलं नाही.

मगनच्या मनातून मात्र शंका पुरती गेली नव्हती. “सुंदरले बलावा,” तो म्हणाला.

सुंदरबाई पिठाचे हात पदराला पुसत आली. रस्त्यात एवढी माणसं बघून दचकली.

“हाई म्हनस, तुन्ही इले कापूस इका,” मगन म्हणाला आणि बायकोच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

सुंदरबाईच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. ती आता काहीतरी वेडंवाकडं बोलणार, हे दगूबाईला दिसलं. ती मध्येच कडाडली. “मी नही म्हनत तसं! तुन्हं नाव मी खोटं टाकं, सगळासमोर सांगं मी. आते तुले काय बोलनं ते बोल नि मोकळी व्हय!”

दोघींची नजरानजर झाली. सुंदरबाईला कळलं. हातातून सुटलेला दोर कुणीतरी परत हातात द्यावा, तसं तिला झालं असणार.

“मन्हं नाव?” ती म्हणाली. आवाज आधी बारीक होता. “मन्हं नाव तू घेस? मन्हा घरमा काय कमी शे का?” मग तो वाढला. “लाज नही वाटनी तुले? मन्ही पोर लगीनले उनी, आनि तू मले चोर ठरावस?”

बरोबर, दगूबाई मनात म्हणाली. असंच बोल. आणखी बोल.

सुंदरबाई बोलत गेली. रांडमुंड म्हणाली, काळतोंडी म्हणाली. ते दगूबाईने अंगावर घेतलं, ते घेण्यासाठीच ती उभी होती. पण सुंदरबाई थांबेना. तिचा श्वास फुलला, डोळ्यांत पाणी आलं, आणि आवाज एकदम वेगळा झाला. खाली आला, जडही झाला.

“आनि इकनंच व्हतं, ते इले कसाले इकसू? हाई अर्धा भाव देस! बाईनी अडचन दिसनी का हाई खुश व्हस. वरतून उपकार दखाडस, जशी मन्ही सख्खी बहीन. बहीन अर्धा भाव देस का?”

मगन खूश झाला. “आयकं का!” तो लोकांना म्हणाला. “बायासले बी म्हाईत शे इन्हं कसं शे ते.” जी बाई कधी विकत नाही, तिला मागच्या दाराचा भाव कसा ठाऊक, हे त्या अर्थशास्त्र्याच्या लक्षातच आलं नाही. दुसऱ्याही कुणाच्या आलं नाही. दगूबाईचं मन मात्र त्या अर्ध्या भावापाशीच अडकलं, आधी मगनला कळेल म्हणून, आणि मग तो बायकोला घेऊन घराकडे वळल्यावर निराळ्याच कारणाने.

ओट्यावर ठरलं, की या दुकानात कुणी पाऊल टाकायचं नाही. तसा ठराव मगननेच मांडला, उघड व्यवहार आणि प्रगती यावर चार वाक्यं बोलून.

दुसऱ्या दिवसापासून पुढच्या दाराने फक्त वाट चुकलेलं पोरसोर आणि बाहेरगावचे मजूर येऊ लागले. मागच्या दाराने कुणीच आलं नाही. दगूबाई दुपारी तिथे बसून राहायची. गव्हाचे खडे काढते असं दाखवायची. सुंदरबाई दोनदा पाण्याचा हंडा घेऊन समोरून गेली, तिने मान वळवली नाही. लोक बघत असतील म्हणून, असं दगूबाईने स्वतःला समजावलं. दुसऱ्यांदा गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

पुढच्या आठवड्यात रुचिका एसटीला निघाली, तेव्हा तिच्या पाठीवरची सॅक चांगली फुगलेली होती. भावेश तिच्याकडे बघत राहिला. एसटी गेल्यावर आत येऊन तो हळूच म्हणाला, “कापूस शहादामा देतीन आते त्या. तठे पुरा भाव भेटस.”

दगूबाईने गव्हाचं सूप पुढे ओढलं. त्या दिवसापासून तो तिच्याशी जपून बोलत होता. स्पीकर त्याने स्वतःच काढून ठेवला होता. गावासमोर उभं राहून चूक माझी म्हणून सांगतो, असं तो तीनदा म्हणाला होता आणि तिन्ही वेळा तिने त्याला हाकललं होतं. आता तो तिच्याजवळ बसला.

“माय, तू मनले लाई लेऊ नको. सुंदरमावशीनं ते नाटक व्हतं. तूच करा लायं.”

दगूबाईने सूप खाली ठेवलं. रागावण्यासाठी तिने तोंड उघडलं, पण राग आला नाही.

“शिव्या नाटक व्हत्या,” ती म्हणाली. “भाव नही.”